सहावा बार

आबांचा हात डब्यात शिरला आणि मी अंगठा हळूच उचलला.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. वर झाकणाऐवजी पांढरा रुमाल. नव्या वर्षाच्या सकाळी उपासना झाली की आमच्या वाडीच्या चर्चमध्ये हा डबा बाकांमधून फिरायचा. आत शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या. ज्याच्या हाताला जी लागेल, ते त्याचं वर्षभराचं वचन. कोणी ती चिठ्ठी ट्रंकेत ठेवायचं, कोणी भिंतीला चिकटवायचं, आणि वर्षात काही बरंवाईट झालं की ती काढून सगळ्यांना दाखवायचं. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं, कारण पाळकसाहेबांच्या मते अख्ख्या मंडळीत माझं अक्षर वळणदार. त्या वर्षी डबा फिरवायचं कामही मी आपण होऊन मागून घेतलं होतं.

तीन बाकं झाली. चौदा माणसांनी चिठ्ठ्या उचलल्या. तोवर एक चिठ्ठी मी रुमालाखाली, डब्याच्या कडेशी अंगठ्यानं दाबून धरली होती. चौथ्या बाकाच्या टोकाला आबा बसले होते. त्यांचा हात आत गेला तशी ती चिठ्ठी मी त्यांच्या बोटांकडे सारली. त्यांनी ती उचलली, उलगडली, आणि रीतीप्रमाणे उभं राहून मोठ्यानं वाचली. देव आपल्या दूतांना तुझी राखण करायला सांगेल, तुझ्या पावलाला दगडाचा धक्काही लागू देणार नाही, अशा अर्थाचं ते वचन. आई बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

सोळा वर्षांची होते मी. आज सदुसष्टी ओलांडली, नातवंडांच्या शाळेतून फोन येतात, पण तो अंगठा अजून माझ्या हाताला आहे आणि मला तो आवडत नाही.

मी असं का केलं ते सांगायला हवं. माझे वडील याकोब उजागरे विहिरी खोदायचे. नुसत्या खोदायचे नाहीत, कातळात बार भरायचे. खडकाला भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात लावायची, बत्ती दिली की यारीनं, म्हणजे काठावरच्या लाकडी चौकटीवरून सोडलेल्या दोरानं, वर यायचं आणि लांब पळायचं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला, त्यामुळे शिवारात जिथं तिथं विहिरी चाललेल्या. आबा आणि त्यांचा धाकटा भाऊ शमुवेल, आमचे शमूकाका, दोघांची जोडी होती. बार उडायला लागले की ते मोजायचे. पाच भरले असतील तर पाच आवाज व्हायलाच हवेत. एक कमी पडला तर दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी विहिरीत पाय ठेवायचा नाही, हा नियम.

आदल्या वर्षी एप्रिलात पाच बार भरले होते. आबांनी पाच मोजले आणि म्हणाले, “उडाले सगळे, उतर.” शमूकाका उतरले. त्यातला एक आवाज समोरच्या डोंगरावरून परत आलेला होता. काकांची पहार न उडालेल्या बारावर पडली.

त्यानंतर आबांचे हात कापायला लागले. चहाची बशी धरवत नसे. काम सोडलं नव्हतं, पण कामाची पार रया गेली. खिशात खडे ठेवायचे, प्रत्येक आवाजाला एक खडा या हातातून त्या हातात. सगळे बार उडाले तरी उतरायचे नाहीत. काठावर पालथं पडून ऐकत राहायचे, मग म्हणायचे, “आज राहू दे, उद्या बघू.” महिन्याच्या कामाला तीन महिने लागायला लागले. चावडीवर लोक तोंडावर म्हणायचे, “काय याकोबा, आज तरी वाफसा आला का तुझ्या छातीला, उतरशील का खाली?” आबा हसून पुढे जायचे. घरी आल्यावर जेवायचे नाहीत. आणि रोज जेवणाआधीच्या प्रार्थनेत शेवटी एक वाक्य पुटपुटायचे, ते आम्हाला ऐकू येत नसे.

नाताळात ते आईला म्हणाले, “लीले, यंदाच्या चिठ्ठीवर सोडलंय मी. देव म्हणाला उतर, तर उतरीन. नाहीतर विहीर सुटली माझ्या हातची. गुरं राखीन.”

आई म्हणाली, “चिठ्ठीत जड वचन निघालं तर?”

“तर तेच देवाचं.”

आणि जड वचनं, दुःखाची न् शिक्षेची, डब्यात पुष्कळ होती. मलाच ठाऊक, मीच लिहिलेली! मी रात्रंदिवस तोच विचार करत होते. माझ्या बापाला कोणी भित्रा म्हटलेलं मला सोसत नव्हतं. देव जर आंधळ्या हातानं चिठ्ठी देणार असेल, तर जरा डोळस हातानं दिली तर काय बिघडलं, असं मला वाटलं. देवालाही तेच हवं असणार, याबद्दल तर मला तिळमात्र शंका नव्हती. सोळाव्या वर्षी देवाला काय हवं ते आपल्याला फार नीट कळतं.

त्या दिवशी घरी आल्यावर आबांनी चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वर बटण लावलं. “जबाबच दिला की गं त्यानं,” ते आईला म्हणाले. “सरळ जबाब. दगडाचं नाव घेऊन.” त्या दुपारी ते पोटभर जेवले. दोनदा वरण मागून घेतलं. मी चुलीपाशी बसून त्यांच्याकडे बघत होते आणि मला माझा केवढा अभिमान वाटत होता म्हणून सांगू!

जानेवारीत मळ्यातलं एक मोठं काम त्यांनी धरलं. जोडीला निवृत्ती म्हणून एक गडी होता. माळकरी, तोंडानं फटकळ, पण जिवाला जीव देणारा. पहिल्या आठवड्यातच आबांचे हात थांबले. बशी नीट धरता यायला लागली. चालणं बदललं. चावडीवरचे लोकही गप्प झाले. दोन आठवड्यांत विहीर वीस फुटांवरून तीसवर गेली.

मग एका रविवारी उपासना आटोपून आम्ही घरी आलो, तर निवृत्ती ओट्यावर येऊन बसलेला. टोपी गुडघ्यावर काढून ठेवली होती.

“वहिनी,” तो आईला म्हणाला, “तुमी काय तरी सांगा दादास्नी. धूर हटायच्या आधी उतरत्यात.”

“अहो, काय म्हणतोय हा?” आईनं आबांना विचारलं.

“काही नाही. धूर नाकात जातो त्याच्या, नाजूक नाक आहे.”

“नाक ऱ्हाऊ द्या, दादा. बार मोजता का तुमी आता? खरं सांगा. खडं कुठं गेलं तुमचं?”

आबांनी खिशावर हात ठेवला. “त्या जागी दुसरं आहे आता.”

“व्हय, चिठ्ठी. तुमच्या खिशात हाय. माझ्या खिशात न्हाई ना चिठ्ठी!”

“म्हणून तर तुला आधी उतरू देत नाही. मी उतरतो ना आधी?”

निवृत्तीनं माझ्याकडे बघितलं. मी उगीच सूप घेऊन तांदूळ निवडायला लागले. “असं लई निर्धास्त माणूस म्या एकदाच बघितलं व्हतं,” तो जाता जाता म्हणाला. कोणाला ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. शमूकाका तसेच होते.

पण मी स्वतःला समजावलं, की वचन तर खरंच आहे. शास्त्रातलंच आहे. मी काही घरी बसून रचलेलं नाही.

आईसुद्धा त्यानंतर अस्वस्थ दिसायला लागली. आबा सकाळी निघाले की ती दारात उभी राही, आणि दुपारी मळ्याच्या दिशेनं बारांचे आवाज यायला लागले की हातातलं काम टाकून ओट्यावर येई. मोजायची. किती भरलेत ते तिला माहीत नसायचं, तरी मोजायची. मलाही तीच सवय लागली. रोज दुपारी आम्ही मायलेकी ओट्यावर उभ्या असायचो आणि आवाज संपल्यावर एकमेकींकडे न बघता आत जायचो.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. त्यातल्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला प्रभूच्या परीक्षेचा भाग घेतला. सैतानानं प्रभूला रानात कसं गाठलं, भाकरीचा मोह कसा घातला, आणि मग मंदिराच्या उंच टोकावर नेऊन कसं म्हणाला, टाक उडी. आमचे पाळकसाहेब गोष्ट रंगवून सांगायचे. वेदीपुढे टाचा उंचावून त्यांनी खाली वाकून बघितलं, जणू खाली चाळीस फूट खोली आहे.

“आणि मंडळी, उडी टाक म्हणताना सैतानानं काय दाखवलं? शिवी दिली? नाही. धमकी दिली? नाही. त्यानं शास्त्रातलं वचन काढलं! देव आपल्या दूतांना तुझी राखण करायला सांगेल, म्हणाला. दगडाचा धक्का लागणार नाही, म्हणाला. वचन खोटं होतं का? एक अक्षर खोटं नव्हतं. तेच वचन देवाच्या तोंडी आधार आहे आणि त्याच्या तोंडी सापळा. बघायचं एवढंच, की ते आपल्या हातात दिलं कोणी.”

मी आबांकडे पाहिलं. ते शांतपणे मान डोलावत होते. त्यांच्या चिठ्ठीचा आणि या उपदेशाचा काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही नव्हतं. का असावं? त्यांना तर देवानं दिलं होतं ना वचन!

उपासनेनंतर मी पाळकसाहेबांना बाहेर गाठलं. ते चहाचा कप घेऊन उभे होते.

“सलाम, पाळकसाहेब. एक विचारायचं होतं.”

“विचार की, शुलमिथ.”

“ज्यानं ते वचन हातात दिलं, तो देव नसेल, पण त्याच्या मनात चांगलंच असेल तर?”

“कोणाच्या मनात? सैतानाच्या?” ते मोकळेपणानं हसले. “अगं, त्याच्या मनात कधी चांगलं असतं का?” आणि कोणीतरी त्यांना हाक मारली म्हणून ते पलीकडे गेले.

त्या दिवशी मी तीनदा आबांपुढे जाऊन उभी राहिले. एकदा त्यांनी विचारलं, “काय गं, शुले?” मी म्हटलं, पाणी देऊ का. दुसऱ्यांदाही पाणीच विचारलं. तिसऱ्यांदा तेच म्हणाले, “पोटात आता जागा नाही गं पाण्याला!” आणि आई हसली. किती दिवसांनी हसली होती ती. मी ठरवलं, उद्या सांगू.

उद्या सोमवार. परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी होती म्हणून मी घरीच होते. आबा पहाटेच गेले होते. साडेअकराला आईनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. “आज तूच जा. आणि त्यांना म्हणावं, संध्याकाळी लवकर या.” मी निघाले. आज सांगायचंच, काठावर उभं राहून, निवृत्तीसमोर सांगायचं, म्हणजे मागे फिरता येणार नाही, असं मनाशी म्हणत चालले होते.

मी ओढा ओलांडत होते तेव्हा लांबून निवृत्तीची आरोळी आली, “बार हाऽय! पळाऽ!” मी जिथं होते तिथं थांबले. पहिला आवाज झाला. दुसरा. तिसरा आणि चौथा जवळजवळ एकत्र. मग पाचवा. कावळे उडाले. मी आणखी थोडी थांबले. काही आलं नाही. मग मी चालायला लागले, आणि का कोण जाणे, चार पावलांनंतर पळायला लागले.

मळ्यात पोचले तेव्हा विहिरीतून धूर अजून वर येत होता. आबा काठावर बसून कमरेला दोर बांधत होते. निवृत्तीनं दोराचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि तो अक्षरशः ओरडत होता.

“पाच! पाचच उडालं, दादा! म्या मोजलं!”

“सहा झाले. तिसरा न् चौथा एकदम झाला, तुझा घोळ झालाय.”

“त्ये धरूनच पाच! सहा भरल्यात आपुन. एक खाली जित्ता हाय. तुमच्या पाया पडतो, उद्यापतुर थांबा.”

“निवृत्ती, सकाळी खडकाला ओल होती की नाही? हात ओला झाला माझा. आज खाली पाणी लागलं असेल. आणि मी उद्यापर्यंत थांबू?” आबा लहान मुलासारखे हसत होते. “सोड दोर. मला काही होत नाही. तुला सांगितलंय ना, मला सांगितलेलं आहे.”

त्यांनी एक पाय आत सोडला.

“आबा!” मी ओरडले. भाकरी कुठं पडली ते मला आजही आठवत नाही. “आबा, थांबा! ती चिठ्ठी देवाची नाही.”

“शुले? तू कशाला आलीस इथं? मागं हो, काठ कच्चा आहे.”

“ती चिठ्ठी मी दिली. मी अंगठ्याखाली धरून ठेवली होती. तुमचा हात आला तेव्हा पुढे सारली. मीच निवडली होती ती.”

“चिठ्ठ्या तर तूच लिहितेस दरवर्षी.”

“लिहिली मी आणि निवडलीही मीच, आबा! तुम्हाला दुसरी लागलीच नसती. देवानं तुम्हाला काही सांगितलेलं नाही. देवाशप्पथ नाही सांगितलं.”

आबांनी खिशाचं बटण काढलं, चिठ्ठी बाहेर घेतली, उलगडली आणि पहिल्यांदाच बघावी तशी ती बघितली. दोन महिन्यांच्या घामानं अक्षरं फुटली होती.

“मग माझी कोणती होती?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“माझी. मला जी लागायची होती ती.”

“मला नाही माहीत, आबा. ती दुसऱ्या कोणाला गेली असेल.”

“म्हणजे माझ्याकडे काहीच नाही.”

आबांनी खाली धुरात बघितलं आणि त्यांचा आत सोडलेला पाय थरथरायला लागला. मग हात. मग अख्खं अंग. दोन महिने जे कुठं गेलं होतं ते सगळं एका क्षणात परत आलं. ते गुडघ्यांवर रांगत काठापासून मागे सरले, लिंबाच्या बुंध्यापर्यंत गेले आणि तिथं पाठ टेकून बसले. निवृत्तीनं मडक्यातून पाणी दिलं, ते अर्धं सदऱ्यावर सांडलं. माझ्या बापाला मी असं केलं, माझ्याच हातानं, निवृत्तीदेखत. चावडीवरचे लोक जे म्हणत होते ते मीच खरं करून दाखवलं होतं.

“आज बंद,” आबा शेवटी म्हणाले. घरी जाताना ते माझ्यापुढे वीस पावलं चालत होते. रागावले असते, एक मुस्कटात दिली असती, तर बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी ते आईशीही बोलले नाहीत. आईनं मला विचारलं, मी रडत सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “कुठल्या तोंडानं बसलीस गं तू देवाच्या जागी?” आणि मग तिनंच मला जवळ घेतलं. मला खात्री होती की आबा आता कधीच विहिरीत उतरणार नाहीत, आणि देव मला याची शिक्षा देणार, ती आबांच्या रूपानंच देणार.

सकाळी त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि दारातूनच म्हणाले, “शुले, चल. तूही यायचं.”

मळ्यात आल्यावर त्यांनी टोपी काढली. निवृत्तीनंही काढली. आबांनी डोळे मिटले. “प्रभू,” ते म्हणाले, “आज माझ्याकडे वचन नाही. मला तुझं काही ऐकू आलेलं नाही. भीती तेवढी आहे. तीच घेऊन उतरतोय. आमेन.”

“दादा, म्या येतो संगं.”

“नको. दोघांचं काम नाही ते.”

न उडालेला बार काढायला जायचं नसतं. त्याला हात लावायचा नसतो. त्याच्यापासून दीड हात बाजूला नवं भोक पाडायचं, नवा बार भरायचा आणि उडवायचा. जुना जिवंत असेल तर तो नव्याबरोबर जातो. पण ते भोक पाडायचं घण घालून, आणि दीड हातावर दुसरा पडलेला. आबा दोराला धरून उतरले. खाली जाईपर्यंत दोर थरथरत होता, कारण त्याला धरलेले आबा थरथरत होते.

मग घणाचा आवाज सुरू झाला. एक ठोका, मग खूप वेळ काही नाही, मग दुसरा. आबा इतक्या सावकाश घण घालतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. निवृत्ती माझ्या शेजारी पालथा पडून होता.

“काय करतायत?” मी विचारलं.

“हातानं चाचपून बघत्यात. परत्येक ठोक्याला.”

“असंच करतात का?”

“असंच करायचं अस्तंय. दोन म्हयनं केलं न्हाई त्यांनी.”

ऊन चढलं. मधेच आबांनी आवाज दिला, “पाणी सोड.” निवृत्तीनं पाण्याचं मडकं दोरानं खाली सोडलं. मग पुन्हा ठोके. मग एकदा ठोके थांबले आणि सुरूच होईनात. मी “आबा!” म्हणून हाक मारणार होते, पण निवृत्तीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “दचकवू नको त्यांस्नी.” त्याचा तळहात गार पडला होता. मी डोळे मिटले. प्रार्थना करायला गेले तर शब्दच नव्हते, कारण ज्याच्याकडे मागायचं त्याची जागा मी एकदा चोरली होती. मी नुसतं म्हणत राहिले, माझ्यामुळे नको, माझ्यामुळे नको.

ठोका पडला. मग पुन्हा एक.

दुपार होता होता आबा वर आले. सदरा अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. दारू आणि वात घेऊन ते पुन्हा खाली गेले, बार भरला, बत्ती दिली. निवृत्तीनं जीव खाऊन यारी ओढली. आम्ही तिघं बांधाआड आडवे झालो. आबांनी एक हात माझ्या डोक्यावर दाबून धरला होता.

“एकाचाच आवाज आला तर?” मी विचारलं.

“तर खालचा मेलेला होता. काल उतरलो असतो तरी काही झालं नसतं.”

आणि मग जमीन हलली.

तो एका बाराचा आवाज नव्हता. आवाज छातीत शिरला. दगड लिंबाच्याही वर उडाले आणि आमच्या पाठीमागे धडाधड पडत राहिले. यारीचं एक लाकूड मोडून विहिरीत गेलं. डोंगरावरून आवाज परत आला, आणि तोसुद्धा दुहेरी होता. धूर वर येत राहिला. किती तरी वेळ कोणी उठलं नाही.

“जित्ता व्हता,” निवृत्ती म्हणाला. एवढंच बोलून तो तिथंच बसला आणि टोपीत तोंड घालून रडायला लागला. एवढा फटकळ माणूस!

आबा उठून बसले. “तो बार ओल आलेल्या अंगालाच होता,” ते म्हणाले. “मी उतरून पहिली पहार तिथंच घातली असती.”

“आबा, मला माफ करा,” मी म्हटलं. “मी तुमच्यासाठी केलं. तुमची भीती जावी म्हणून केलं.”

“ठाऊक आहे मला.” ते माझ्याकडे बघत नव्हते, विहिरीकडे बघत होते. “शमू गेल्यापासून मी रोज देवाला एकच सांगत होतो. रोज, जेवायच्या आधी. म्हटलं, दुसरं काही नको, ही भीती तेवढी काढून घे माझी. आठ महिने मागितलं गं. त्यानं नाही काढली. मला वाटायचं, तो ऐकतच नाही.”

मग ते माझ्याकडे वळले.

“काढलीस ती तू.”

मग त्यांनी निवृत्तीला हाक मारली आणि बजावलं, की उद्या सकाळपर्यंत कोणी आत उतरायचं नाही. बोलताना त्यांचे हात कापत होते, अगदी पहिल्यासारखे, बशीसुद्धा धरवली नसती. मी त्या हातांकडे बघितलं आणि त्या थरथरीसाठी देवाचे आभार मानले.